घरगुती कारखान्यांतील वाफेचीं यंत्रें : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपणांपुढें दप्तरें, रुमाल, ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि बखरी हीं उभीं राहतात. या सर्वांत लेख हें सामान्य लक्षण आहे; नाण्यासही आपण बहुधा त्यावरील अक्षरांमुळेंच मान देतों. ज्या वस्तूवर अक्षर नाहीं ती कितीही बुद्धीनें घडविलेली असली तरी संग्रहांत 'जुनें सामान' या सदरांत जाऊन पडते आणि पुढल्या पिढींत मोडीच्या भावानें विकली जाते. या लेखांत आम्ही अशाच एका वस्तुवर्गाचा विचार करणार आहों. तो वर्ग म्हणजे एखाद्या माणसानें स्वतःच्या घरीं अथवा स्वतःच्या लहानशा कारखान्यांत घडविलेलें वाफेचें यंत्र, आणि तें घडविण्याकरितां जमविलेलीं वा बनविलेलीं हत्यारें. असें यंत्र हा एक लेखच आहे व तो वाचतां येतो, हें आमचें प्रतिपादन आहे. हा लेख वाचण्याची सवय आपणांस नसल्यामुळें या देशांतील एक यंत्रकार इतिहासांत ठसठशीत राहिला आणि दुसरा बहुतेक हरवला, तें पुढें दाखवूं.

या उपेक्षेचें मूळ जुनें आहे. धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या, ११ व्या शतकांतील 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथांत यंत्रविधान नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. हा ग्रंथ म. म. टी. गणपतिशास्त्री यांनीं संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२४-२५ सालीं प्रसिद्ध केला. त्या अध्यायांत आपोआप हालणारीं बाहुलीं, पाणी वर चढविण्याच्या युक्त्या, पाऱ्याच्या योगानें उडणारें लांकडी विमान इत्यादिकांचें वर्णन येतें. पण रचनेचा तपशील ग्रंथकार मुद्दाम देत नाहीं. हें मौन अज्ञानाचें नसून गुप्तता राखण्याकरितां आहे, असें तो स्वतःच सांगतो. तेव्हां आपल्या परंपरेंत असें झालें कीं, ज्यास लिहितां येत होतें त्यानें घडविण्याची रीत लिहिली नाहीं, आणि ज्यास घडवितां येत होतें त्यास लिहिण्याचें कारण पडलें नाहीं. या दोहोंमधील जागा केवळ घडविलेली वस्तूच भरून काढूं शकते.

आतां कोणी म्हणेल कीं, लहान यंत्र हें शेवटीं खेळणेंच. त्यांत वाचावयाचें काय? या शंकेचें उत्तर स्कॉटलंडांतील एका प्रतिकृतीनें केव्हांच दिलें आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गाकडे न्यूकोमेनच्या यंत्राची एक प्रतिकृति होती. तिच्या नळकांड्याचा व्यास २ इंच व दट्ट्याची धांव ६ इंच होती. १७६३-६४ च्या हिवाळ्यांत ती दुरुस्तीसाठीं जेम्स वॅट या उपकरणकाराकडे आली. न्यूकोमेनच्या यंत्रांत नळकांडें वाफेनें भरावयाचें, मग आंत थंड पाण्याची धार सोडून त्या वाफेचें पाणी करावयाचें, आणि आंत झालेल्या पोकळीमुळें बाहेरच्या हवेच्या दाबानें दट्ट्या खालीं दाबला जावयाचा, अशी रचना असते. खाणीवरचीं मोठीं यंत्रें या रीतीनें बरीं चालत; पण ही लहान प्रतिकृति कांहीं फेरे करी आणि तिची वाफ संपे.

वॅटनें कारण शोधलें तें असें. कोणत्याही आकृतीची लांबी, रुंदी व उंची निम्मी केली तर तिचा पृष्ठभाग चौथाई होतो, परंतु आंतील घनफळ अष्टमांशावर येतें. म्हणजे लहान नळकांड्यांत वाफ थोडी आणि तिला थंड करणारी भिंत मानानें जास्त. प्रत्येक फेऱ्यास भिंत थंड होई आणि पुढल्या फेऱ्याची वाफ ती भिंत तापविण्यांतच खर्ची पडे. मोठ्या यंत्रांतही हा अपव्यय होताच, पण तो डोळ्यांवर येत नव्हता. प्रतिकृतीनें तो उघडा पाडला. त्यावरून १७६५ सालीं वॅटला वाफ निराळ्या पात्रांत थंड करण्याची कल्पना सुचली व १७६९ सालीं तिचें पेटंट मिळालें. ती प्रतिकृति आज ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत आहे. ज्या खेळण्यानें एका शतकाचे उद्योगधंदे पालटले, त्यास केवळ खेळणें म्हणवत नाहीं.

या प्रकरणांतून आमच्या विषयास उपयोगी असा एक नियम निघतो. मोठें यंत्र पाहून त्याचे सर्व भाग एकाच प्रमाणांत लहान केले तर तें चालेलच असें नाहीं. बॉयलर केवढा, झडपेचीं छिद्रें केवढीं, दट्ट्या किती घट्ट, हीं प्रमाणें करणारास नव्यानें ठरवावीं लागतात. पोथीची नक्कल लेखकास अर्थ न कळतांही करितां येते, हें आपण सर्वच जाणतों. चालत्या यंत्राची नक्कल अर्थ कळल्यावांचून होत नाहीं.

दुसरी गोष्ट हत्यारांची. नळकांडें आंतून खरें गोल व वरपासून खालपर्यंत एका व्यासाचें नसेल तर दट्ट्या एके ठिकाणीं अडकतो व दुसऱ्या ठिकाणीं वाफ सोडतो. वॅटची कल्पना १७६५ ची असूनही त्याचीं मोठीं यंत्रें कामास लागावयास १७७६ साल उजाडलें. याच्या कारणांपैकीं एक मोठें कारण हें कीं, असें नळकांडें कांतून देणारें साधन नव्हतें. जॉन विल्किन्सन यानें १७७४ सालीं तोफांच्या नळ्या पोखरण्याकरितां केलेल्या यंत्रानें ती अडचण दूर झाली. पुढें १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले यानें मळसूत्राचे आंटे अचूक पाडणारें लेथयंत्र लंडनांत सिद्ध केलें. म्हणजे प्रत्येक इंजिनाच्या मागें आधीं घडविलेल्या हत्यारांची एक मालिका असते. टीकेवरून मूळ ग्रंथाचा पाठ काढावा त्याप्रमाणें इंजिनावरून ही मालिका काढतां येते.

घरगुती कारखान्यांत हें काम कोणत्या क्रमानें होतें तें थोडक्यांत सांगतों. प्रथम नळकांड्याचा लांकडी नमुना करावयाचा. ओतलेला धातु निवतांना आकसतो, म्हणून हा नमुना बिडाकरितां दर फुटामागें सुमारें १/८ इंच आणि पितळेकरितां सुमारें ३/१६ इंच मोठा ठेवितात. मग ओलसर वाळूंत त्याचा ठसा घेऊन मुशींतील रस ओतावयाचा. ओतीव नळकांडें लेथयंत्रावर आंतून कांतावयाचें, दट्ट्या त्यास जुळता करावयाचा, झडप जिच्यावर सरकते ती बैठक कानशीनें व पुढें खरवडणीनें आरशासारखी सपाट करावयाची. बॉयलर तांब्याच्या पत्र्याचा. तो रिबिटांनीं जोडून झाळावयाचा, आणि वाफ भरण्यापूर्वीं थंड पाण्याच्या दाबानें तपासावयाचा. पाण्यानें तपासण्याचें कारण असें कीं, दाबलेलें पाणी सांधा फुटला तर नुसतें ठिबकतें, दाबलेली वाफ मात्र पत्र्याचे तुकडे भिरकावते.

या क्रमांत ओतारी, लोहार, कातारी, सुतार व तांबट या पांचांचीं कामें एका ठिकाणीं आलीं. आपल्याकडे हे धंदे पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या घरांत, बहुधा निरनिराळ्या आळ्यांत चालत आले. ते सर्व एका माणसाच्या हातांत, एका छपराखालीं येणें हीच एक ऐतिहासिक घटना आहे. ही घटना इसवी सनाच्या १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत, कंपनीच्या अमलांत, या देशाच्या दोन टोकांस घडली.

पहिलें स्थळ बंगाल. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी हे आमच्या वाचकांस १८०५ चें मराठी व्याकरण व १८१० चा मोडी लिपींत छापलेला मराठी कोश यांमुळें परिचित आहेत. त्यांच्या मिशनच्या कागदाच्या गिरणीकरितां १८२० सालीं इंग्लंडांतून १२ अश्वशक्तीचें वाफेचें इंजिन आलें. तें पाहण्यास लोकांची रीघ लागे व लोक त्यास आगीचें यंत्र म्हणत. येथें एक भाषेचा योग नमूद करण्याजोगा आहे. आपणही आगगाडी व आगबोट हेच शब्द केले. वाफेचें नांव घेतलें नाहीं. पाहणारास जें डोळ्यांनीं दिसलें त्यावरून नांव पडलें, आणि दिसत होती ती आग. वाफेचें काम नळकांड्याच्या आंत, दृष्टीआड चालतें.

जें दृष्टीआड होतें तें समजून घेणारा एक मनुष्य त्या प्रदेशांत निघाला. नदीच्या दुसऱ्या तीरावर बराकपुराजवळ टिटागड म्हणून गांव आहे. तेथील गोलोकचंद्र नांवाच्या लोहारानें वाफेच्या इंजिनाची प्रतिकृति घडविली. जानेवारी १८२८ मध्यें कलकत्त्याच्या टाउन हॉलांत शेतकी व बागाईत मंडळीचें प्रदर्शन भरलें होतें. ही मंडळीही १८२० सालीं केरी यांच्याच पुढाकारानें निघालेली. त्या प्रदर्शनांत हें यंत्र मांडलें गेलें व गोलोकचंद्रास ५० रुपये बक्षीस मिळालें. कोणाही युरोपियन कारागिराची मदत न घेतां त्यानें तें घडविलें, अशी नोंद त्या वेळच्या वृत्तांतांत आवर्जून केलेली आहे.

ही नोंद एका वाक्याची असली तरी वरील नियम लावून ती वाचली म्हणजे बरेंच बोलते. गिरणींतील इंजिन चालू असतां बाहेरून दांडा, चाक आणि भट्टी एवढेंच दिसतें. दट्ट्या व झडप यांचा परस्परसंबंध तें उघडलेलें पाहिल्याशिवाय, अथवा मनानें जुळविल्याशिवाय, कळत नाहीं. लोहाराचा मूळ धंदा तापविलेलें लोखंड ठोकण्याचा. ओतीव काम, कांतकाम व वाफ धरणारे सांधे हीं त्याच्या नित्याच्या कामांत येत नाहींत. म्हणजे गोलोकचंद्रानें आपल्या धंद्याची सीमा ओलांडली होती. त्या ५० रुपयांची खरी किंमत या दोन गोष्टींत आहे. एवढ्यावर गोलोकचंद्राचा इतिहास संपतो. नांव, धंदा, गांव, यंत्र आणि बक्षीस या पांच शब्दांत तो सामावला आहे. यंत्राचे नमुने, त्याचीं हत्यारें, मापाच्या पट्ट्या यांपैकीं कांहीं हातीं असतें तर त्याचें शिक्षण कोठें व कसें झालें याचा पुरा वृत्तांत मिळाला असता.

दुसरें स्थळ मुंबई. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून त्यांच्या घराण्याकडे गोदींतील जहाजबांधणीचें काम पिढ्यान्‌पिढ्या होतें. त्यांनीं सागवानी लांकडाचीं बांधलेलीं जहाजें इतकीं टिकाऊ होतीं कीं, १८१७ सालचें 'त्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर उभें आहे. या घराण्यांत ६ ऑक्टोबर १८०८ रोजीं आर्देशीर खरसेटजी यांचा जन्म झाला. १८२२ सालीं ते गोदींत कामास लागले. १८२९ सालीं मुंबईस 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट बांधून झाली आणि २० मार्च १८३० रोजीं ती सुएझकडे निघाली. तिचें लांकूडकाम येथलें, पण ८०-८० अश्वशक्तीचीं दोन्ही इंजिनें इंग्लंडांतून आलेलीं. वाडिया घराण्याच्या दृष्टीनें यांत पुढील काळाची सूचना होती. जहाजाचा प्राण आतां शिडांतून इंजिनांत जाणार, आणि इंजिन येथें होत नाहीं तोंवर जहाज अर्धेंच आपलें.

आर्देशीर यांनीं या प्रश्नास घरापासून हात घातला. पंचविशीच्या आंतबाहेर असतांना त्यांनीं १ अश्वशक्तीचें वाफेचें इंजिन स्वतः घडविलें. एक हा आंकडा वाचकांस क्षुल्लक वाटूं नये. एक अश्वशक्ति म्हणजे ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलण्याची शक्ति. घर्षणांतील तूट सोडली तर ३३ फूट खोल विहिरींतून दर मिनिटास १००० पौंड, म्हणजे १०० गॅलन पाणी, इतकें हें काम होतें. असें इंजिन टेबलावर ठेवून दाखविण्याचें राहत नाहीं. त्यास बळकट नळकांडें, जड चाक आणि दाब सोसणारा बॉयलर लागतो. १८३३ सालीं त्यांनीं 'इंडस' हें ६० टनांचें जहाज बांधून पाण्यांत सोडलें व पुढें त्यांत वाफेचें इंजिन बसविलें. १८३४ सालीं आपला माझगांवचा बंगला व बाग त्यांनीं गॅसच्या दिव्यांनीं उजळून दाखविली.

इंजिन आणि गॅस यांचा हा जोड योगायोगाचा नाहीं. विल्यम मर्डॉक यानें कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथें १७८४ सालीं तीन चाकांवर चालणारी वाफेची लहान गाडी केली, आणि १७९२ सालीं त्याच गांवीं आपलें घर कोळशाच्या गॅसनें उजळविलें. दोन्ही कामांस लागणारीं हत्यारें एकच आहेत : हवा व वाफ न सोडणारी नळी, घट्ट बसणारी तोटी, बारीक आंट्यांचा सांधा आणि तापमान सांभाळणारी भट्टी. ज्याच्या घरीं पहिलें झालें त्याच्या घरीं दुसरें होण्याची सर्व सामग्री आधींच तयार होती. माझगांवचा दिवा हा अशा रीतीनें माझगांवच्या कारखान्याचा साक्षीदार ठरतो.

१८३९ सालीं आर्देशीर इजिप्तच्या वाटेनें इंग्लंडास गेले. त्या प्रवासाची व तेथील मुक्कामाची त्यांची रोजनिशी १८४० सालीं लंडनांत छापली गेली. २७ मे १८४१ रोजीं ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. दुसरे श्रीनिवास रामानुजन्, त्यांची निवड १९१८ सालीं, म्हणजे ७७ वर्षांनीं झाली. १८४१ सालींच कंपनीनें त्यांस मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर नेमलें आणि युरोपियन कारागीर त्यांच्या हाताखालीं आले. या नेमणुकीवर मुंबईच्या इंग्रजी पत्रांतून टीकाही झाली. त्या टीकेस उत्तर म्हणून नव्हे, पण उत्तरासारखी शोभणारी गोष्ट फेब्रुवारी १८५१ मध्यें घडली. 'लवजी फॅमिली' ही आगबोट त्यांनीं पाण्यांत सोडली. तिचे सर्व भाग त्यांच्या स्वतःच्या घरच्या ओतशाळेंत तयार झालेले होते. १ अश्वशक्तीच्या इंजिनापासून येथवर वीस वर्षांच्या आंतच हा मार्ग पुरा झाला, आणि त्याचें दुसरें टोकही घरांतच होतें. १८५७ सालीं ते सेवानिवृत्त झाले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजीं इंग्लंडांत रिचमंड येथें त्यांचा अंत झाला. १९६९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या नांवें टपालाचें तिकीट काढलें.

आतां या दोन पुरुषांची तुलना करूं. दोघेही परकी इंजिन पाहून स्वतः इंजिन घडविणारे. दोघांचा काळ जवळजवळ एक. एकास घराणें, इंग्रजी भाषा, पैसा व मुद्रित रोजनिशी यांचें पाठबळ होतें. दुसऱ्यास भाता व ऐरण यांचें. म्हणून पहिल्याचें चरित्र तारीखवार लिहितां येतें व दुसऱ्याचें एका परिच्छेदांत आटपतें. हा न्याय कागदानें केलेला आहे, आणि कागद लिहिणाराचा पक्षपाती असतो. आर्देशीर यांची थोरवी यानें लवमात्र कमी होत नाहीं. मात्र गोलोकचंद्रासारखे इतर किती जण वस्तूंच्या नाशाबरोबर नाहींसे झाले असतील, ही शंका इतिहासाच्या अभ्यासकानें मनांत बाळगिली पाहिजे.

वस्तु जपल्या तर काय होतें याचेंही उदाहरण आहे. वॅट उतारवयांत बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घराच्या माळ्यावर हत्यारें मांडून काम करीत असे. मूर्तींच्या प्रती काढणारीं यंत्रें त्यानें तेथेंच केलीं. १८१९ सालीं तो वारल्यावर ती खोली बहुतेक तशीच बंद राहिली. १९२४ सालीं ती आंतील सामानासह लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत हलविण्यांत आली. तेथें आठ हजारांहून अधिक वस्तु आहेत. त्यांत कानशी, साचे, अर्धवट टाकलेलीं कामें, निरुपयोगी तुकडे सर्व आले. एखाद्या मुत्सद्द्याचें अभंग दप्तर हातीं लागावें, तसें हें एका कारागिराचें दप्तर आहे.

आपल्याकडे १८९८ पासून निघूं लागलेल्या 'मॉडेल इंजिनियर' या इंग्रजी मासिकासारख्या पत्रांचे जुने अंक, हौसेनें केलेलीं लहान इंजिनें, पायानें चालविण्याचीं लेथयंत्रें हीं कधींमधीं जुन्या बाजारांत दिसतात. तीं ज्यांच्या हातीं येतील अशा संग्राहकांस आमच्या कांहीं सूचना आहेत. पहिली, अशी वस्तु घासून लखलखीत करूं नये. हातांत हत्यार धरून कांतलेल्या भागावर ओरखडे विषम असतात, आणि यंत्रानें सरकणाऱ्या हत्याराचे समान अंतरावर असतात. घासल्यानें हा फरक जातो, आणि त्याबरोबर करणाराच्या कारखान्यांत कोणतें लेथयंत्र होतें याचा पुरावाही जातो. दुसरी, आंटे मोजावे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यानें ५५ अंशांच्या आंट्यांचें प्रमाण सुचविलें; त्यापूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आंटे निराळे असत. १८८४ सालीं ब्रिटिश असोसिएशननें बारीक मळसूत्रांचें प्रमाण ठरविलें. त्यामुळें आंट्यांवरून काळाची पूर्वमर्यादा काढतां येते, जशी आपण कागदाच्या जलचिन्हावरून काढतों. अर्थात् एकटें मळसूत्र मागाहून बदललेलें असूं शकतें. प्रक्षिप्त श्लोकावरून ग्रंथाचा काळ ठरवूं नये हा नियम येथेंही लागू आहे. तिसरी, यंत्राबरोबर मिळालेले लांकडी नमुने, आराखडे, खर्चाच्या वह्या व मोडकीं हत्यारें वेगळीं करूं नयेत. रुमालांतून एक पत्र काढून विकलें म्हणजे रुमालही मुका होतो व पत्रही.

चौथी सूचना सर्वांत सोपी व सर्वांत तातडीची आहे. घडविणारा हयात असेल, अथवा त्यास काम करतांना पाहिलेलें माणूस घरांत असेल, तर यंत्र कोणी, कोणत्या सालीं, कोणत्या हत्यारांनीं केलें हें विचारून चिठ्ठीवर लिहावें व ती चिठ्ठी यंत्रास बांधून ठेवावी. कलकत्त्याच्या प्रदर्शनांतील त्या एका वाक्यानें टिटागडच्या लोहाराचें नांव आजवर टिकविलें. एका वाक्याचा एवढा उपयोग आहे, तर तें लिहिण्यास आपण आळस कां करावा?